चीज-चहा करायचाय? आधी फ्रीजकडे बघा

थंड कोरा चहा आणि त्यावर दोन बोटं जाडीचा, खारट-गोड चवीचा पांढरा थर. मोबाइलवर हे रील पाहिलं नाही असं कॉलेजात जाणारं पोर आता खामगावातही सापडणं कठीण. पुण्या-मुंबईत बबल टी विकणाऱ्या कॅफेंच्या पाटीवर तर हा प्रकार केव्हाच येऊन बसला आहे. घरातल्या मोठ्यांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘चहात चीज? काहीही करतात बाप्पा!’ दुसरी प्रतिक्रिया जरा हळू आवाजात येते, विशेषतः ज्यांचा पोरगा पदवी घेऊन घरी बसलाय त्यांच्याकडून : ‘आपल्याकडे चालेल काय हे?’

चालायला हरकत नाही. फक्त चहाचा प्रकार समजून त्याच्या नादी लागलात तर फसाल. यातला चहा सोपा आणि स्वस्त आहे. चव, खर्च, नासाडी आणि पोट बिघडण्याची भीती, हे सगळं वरच्या थरावर ठरतं. थोडक्यात, हा दुधाचा कारभार आहे. आणि पारा ४४-४५ अंशांवर गेलेल्या मे महिन्यात दुधाचा कारभार कसा असतो ते खामगावातल्या कोणत्याही डेअरीवाल्याला विचारा.

हा चहा आला कुठून ते आधी सांगतो, कारण त्यात आपल्या कामाची गोष्ट आहे. २०१० च्या सुमारास तैवानच्या रात्रबाजारांत चीजची पूड, मीठ, क्रीम आणि दूध एकत्र फेटून तो फेस थंड चहावर घालायला सुरुवात झाली. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या च्यांगमेन शहरात २०१२ मध्ये न्ये युनचेन नावाच्या विशीतल्या तरुणाने एका गल्लीत चहाचं छोटं दुकान टाकलं. त्याने पूड बाजूला सारली, खरं क्रीम चीज घेतलं, आणि खाली चांगल्या पानाचा चहा ठेवला. पुढे ‘हेटी’ या नावाने त्या दुकानाची मोठी साखळी झाली; २०१७ मध्ये शांघायला शाखा निघाली तेव्हा एका कपासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. गंमत म्हणून पुडीवर सुरू झालेली गोष्ट खऱ्या दुधाच्या चीजवर मोठी झाली. आज ऑनलाइन मिळणारी ‘चीज फोम पावडर’ घेऊन, पाण्यात ढवळून विकायचा विचार कुणी करत असेल तर तो उलट्या दिशेने निघालाय, एवढंच.

चहात मीठ आणि स्निग्धांश हे ऐकायला विचित्र वाटतं खरं, पण जुनं आहे. तिबेटी लोक लोणी-मीठ घालून चहा घुसळतात, काश्मिरात नून चहा रोजचा असतो. आपल्या विदर्भातच, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ, तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. हिवाळ्यात स्वेटरची दुकानं थाटणाऱ्या तिबेटी मंडळींना विचारलंत तर त्यांना चीज-चहाचं फारसं नवल वाटणार नाही. कारणही साधं आहे. मिठातल्या सोडियममुळे जिभेला कडूपणा कमी जाणवतो आणि स्निग्धांश चहाचा तुरटपणा बोथट करतो. म्हणून बिनदुधाचा, एरवी घशाखाली न उतरणारा चहाही या थराखालून गोडसर लागतो.

खाली कोणता चहा

आपला आल्याचा, दूध-साखर घालून उकळलेला, दाट चहा इथे अजिबात घेऊ नका. दुधावर पुन्हा दूध येतं, आणि तो गरम असला तर थर मिनिटभरात वितळून वर तेलाचे डोळे दिसायला लागतात. टपरीवरच्या उकळत्या चहात चीजचा क्यूब टाकून ढवळणं हा तर निव्वळ रीलसाठीचा उद्योग आहे. पिणाऱ्याची दया येते.

चहा कोरा हवा आणि थंड हवा. आपल्या घरात असते ती दाणेदार पत्ती दुधात उकळण्यासाठी बनवलेली असते. ती भराभर रंग सोडते आणि तितक्याच भराभर कडू होते. तिच्यावरही काम भागतं, पण हात आखडता ठेवावा लागतो. चार ग्लासांसाठी अर्धा लीटर पाणी उकळा, गॅस बंद करा, दोन सपाट चमचे पत्ती टाका, झाकण ठेवा आणि दोन मिनिटांत गाळा. पत्ती गाळणीत दाबून पिळायची नाही. सगळा कडूपणा त्या शेवटच्या चार थेंबांत असतो. लांब पानाचा चहा मिळाला तर चार चमचे घ्या आणि चार मिनिटं ठेवा. पानाच्या चहात माझी पसंती निलगिरीला. तो थंड केल्यावरही बऱ्यापैकी नितळ राहतो. दार्जिलिंगचा सुगंध या थराखाली गुदमरून जातो, पैसे वाया. खामगावात पानाचा चहा प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही. अकोल्याला चक्कर होणार असेल तेव्हा आणून ठेवा, हवाबंद डब्यात तो महिनोन्‌महिने राहतो.

गाळलेला चहा गरम असतानाच साखर विरघळवा, चार ग्लासांना चार चमचे. सगळी साखर थरात घालण्याऐवजी चहातही घालायला सांगतोय त्याला कारण आहे. साखरेने चहा जड होतो आणि जड चहावर थर चांगला तरंगतो. बिनसाखरेच्या चहात तोच थर हळूहळू खाली बसायला लागतो. गूळही चालतो, दुधाच्या चहात गूळ कधी कधी दूध फाडतो, कोऱ्यात ती कटकट नाही, आणि गुळाची खमंग चव वरच्या खारट थराशी साखरेपेक्षा जास्त जमते असं माझं मत आहे.

चहा आधी ओट्यावर कोमट होऊ द्या, मग फ्रीजमध्ये ठेवा. गरमागरम चहा एकदम गार केला की तो गढूळ होतो. त्यातली टॅनिनं आणि कॅफिन एकत्र बांधली जातात, म्हणून तो ढगाळ दिसतो. चहा खराब झालेला नसतो, पण काचेच्या ग्लासात तसाच दिसतो, आणि या प्रकारात निम्मं काम दिसण्यावर आहे.

लिंबू मात्र या चहाच्या आसपासही नको. आंबट लागलं की थराचा खालचा काठ फाटतो आणि ग्लासात पनीरचे कण तरंगायला लागतात. कच्च्या आल्याचा रसही तसाच. त्यातला एक पाचक घटक दुधातली प्रथिनं फोडतो. आल्याशिवाय चहा जातच नसेल तर आलं पाण्याबरोबर चांगलं उकळून घ्या, उकळल्यावर तो घटक निकामी होतो.

वरचा थर

इथे खरी परीक्षा आहे. हॉटेलांतला थर क्रीम चीज, व्हिपिंग क्रीम आणि दूध यांचा असतो. चार-पाच ग्लासांसाठी शंभर मिली व्हिपिंग क्रीम, पन्नास ग्रॅम क्रीम चीज, तीन मोठे चमचे दूध, एक-दोन चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ. क्रीम चीज गावात मिळालं नाही तर साध्या प्रोसेस्ड चीजचे पंचवीस ग्रॅमचे दोन क्यूब किसून कोमट दुधात मंद आचेवर विरघळवा. प्रोसेस्ड चीजमध्ये ते एकजीव वितळावं म्हणून खास क्षार घातलेले असतात, त्यामुळे गुठळी होत नाही. पण त्यात मीठ आधीच असतं. क्यूब घेतला की वरून मीठ घालायचं नाही. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच चुकतात आणि मग ‘खारट झालं हो’ म्हणून बेसिनमध्ये ओततात. हे मिश्रण पूर्ण गार झाल्याशिवाय क्रीममध्ये मिसळू नका.

क्रीम घेताना पाकीट वाचा. डेअरीत सर्रास मिळणारं ‘फ्रेश क्रीम’ २५ टक्के स्निग्धांशाचं असतं. ते भाजीत, फ्रूट सॅलडमध्ये उत्तम, पण कितीही फेटलं तरी फुगत नाही. फुगायला ३० टक्के आणि त्याहून जास्त स्निग्धांश लागतो आणि तो थंड लागतो. फेटताना स्निग्धांशाचे कण हवेच्या बुडबुड्यांभोवती एकमेकांना चिकटून भिंत उभी करतात. उन्हाळ्यात आपल्या स्वयंपाकघरात ही भिंत उभी राहण्याआधीच वितळते. म्हणून भांडं आणि रवीची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, दुसऱ्या मोठ्या भांड्यात बर्फाचं पाणी घेऊन त्यात हे भांडं बसवा, पंखा लावून बसू नका, आणि शक्य असेल तर सकाळी लवकर करा.

किती फेटायचं हे हाताला कळलं पाहिजे. आपल्याकडे साय घुसळायची सवय लोणी निघेपर्यंतची. इथे त्याच्या बरंच आधी थांबायचं. केकवर उभे राहतात तसे कडक शेंडे नकोत. पळी उचलली की मिश्रण रुंद पट्टीसारखं ओघळावं, खाली पडल्यावर त्याची घडी क्षणभर दिसावी आणि मग सपाट व्हावी. एवढ्यावर थांबलात की ओठाला चहा आणि थर दोन्ही बरोबर लागतात. पुढे गेलात तर थराचा गोळा नाकाला लागतो आणि चहा खाली अडकून राहतो. आणखी पुढे गेलात तर लोणी आणि पाणी वेगळं होतं. मग त्याला परतीचा रस्ता नाही, पोळीला लावा.

व्हिपिंग क्रीम आणायचं नसेल, घरच्यापुरतंच करायचं असेल, तर चक्का आहेच. फार आंबट न झालेल्या दह्याचा, तीन-चार तास टांगलेला चक्का शंभर ग्रॅम, ताज्या सायीचे तीन मोठे चमचे, कोमट दुधात विरघळवून गार केलेला एक चीज क्यूब आणि दोन चमचे पिठीसाखर. पुरणाच्या चाळणीतून नव्हे, बारीक गाळणीतून घासून काढा, म्हणजे सायीचे तंतू राहत नाहीत. चव फार छान येते, मूळ थरापेक्षाही आपल्या जिभेला ओळखीची. एक अडचण आहे : यात हवा नसते, त्यामुळे तो जड होतो आणि सरळ चहात ओतला तर बुडतो. त्यावर उपाय बर्फाचा. ग्लास बर्फाने काठोकाठ भरा, चहा बर्फाच्या पातळीच्या किंचित खाली राहील इतकाच ओता आणि मिश्रण चमच्याच्या पाठीवरून बर्फावर पसरवा. दहा मिनिटं तो नीट बसतो; तेवढ्यात पिऊन होतं.

पिताना स्ट्रॉ लावू नका. स्ट्रॉने खालचा कडू चहा तेवढा येतो आणि शेवटी तळाशी नुसतं चीज उरतं. ढवळूही नका. ग्लास थोडा तिरका, साधारण पंचेचाळीस अंशांत धरून काठावरून प्यायचा, म्हणजे प्रत्येक घोटात थर आणि चहा बरोबर येतात. ओठावर पांढरी मिशी उमटणारच, ती पुसायची आणि पुढचा घोट घ्यायचा.

पाकिटावरचा टंच

चांदी घेताना टंच विचारल्याशिवाय खामगावचा माणूस पुढचं बोलत नाही. तीच सवय इथे चीज आणि क्रीमच्या पाकिटाला लावा. केक करणाऱ्यांसाठी बेकरी साहित्याच्या दुकानांत गोठवलेलं जे पांढरं ‘व्हिप टॉपिंग’ मिळतं त्यातलं बरंचसं दुधाचं नसतंच. घटकांच्या यादीत हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, साखर आणि पाणी अशी नावं दिसली की समजा. ते विषारी नाही, कायद्याने विकायला मनाई नाही, ट्रान्स फॅटवरही २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे. ते फुगतं छान आणि टिकतं जास्त. पण त्याला चीजची चव येत नाही आणि जिभेवर मेणासारखा पापुद्रा राहतो. शिवाय ते आधीच गोड असतं, त्यात वरून साखर घातली की मिठाई होते. चीजचंही तसंच : ‘अ‍ॅनालॉग’ असा शब्द पाकिटावर असेल तर ते दुधाचं चीज नाही. घरी काय वापरायचं ते तुम्ही ठरवा. विकणार असाल तर गिऱ्हाइकाला दुधाचं सांगून तेलाचं द्यायचं नाही, इतकं तरी पाळा.

हिरवा ठिपका बघा, हेही सांगायला हवं. चीज विरजण्यासाठी वापरलं जाणारं रेनेट काही परदेशी चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेलं असतं. भारतात मोठ्या डेअऱ्या सूक्ष्मजीवांपासून तयार केलेलं रेनेट वापरतात आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. तयार फेसाच्या काही पुड्यांत जिलेटिनही असू शकतं. आपल्या गावात शाकाहारी आणि जैन कुटुंबं कमी नाहीत; ‘यात नेमकं काय काय आहे?’ हा प्रश्न विक्रेत्याला विचारला जाणारच. (एकादशीला चालतं का, हाही. चहा चालतो, दूध चालतं, पण चीजचं काय ते घरच्या आजीने ठरवावं. मी त्यात पडत नाही.)

गाडी किंवा कॅफे टाकणार असाल तर

पुण्यात २०१८ च्या आसपास तंदूर चहाची लाट आली. भट्टीत लालबुंद तापवलेल्या कुल्हडात चहा ओतायचा, तो फसफसून उतू जायचा, लोक व्हिडिओ काढायचे. बघता बघता गावोगाव तंदूर लागले आणि बऱ्याच ठिकाणी ते वर्षा-दोन वर्षांत थंडही झाले. ज्यांचा मुळातला चहा चांगला होता ते टिकले. नुसत्या चीज-चहासाठी गाळा भाड्याने घेऊ नका. आधीच चालू असलेल्या ज्यूस सेंटरला, आइस्क्रीम पार्लरला किंवा केकच्या दुकानाला जोड म्हणून तो ठेवा. केकवाल्यांना तर सर्वांत सोपं. फ्रीजर, क्रीम, बीटर हे सगळं त्यांच्याकडे असतंच, आणि क्रीम उरलं तर केकला लागतं.

हे ‘उरलं तर’ फार महत्त्वाचं आहे. हिशोब मांडून बघा. एका ग्लासाला वीस मिली क्रीम धरलं तर लीटरच्या पाकिटात पन्नास ग्लास होतात. उघडलेलं पाकीट थंड ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं असतं. नेमकी मुदत पाकिटावर छापलेली असते, तीच पाळा. म्हणजे रोज सतरा ग्लास विकले गेले तर तीन दिवसांत पाकीट संपेल. सात-आठच गेले तर निम्म्याहून जास्त क्रीम नालीत. दोनशे-अडीचशे मिलीची पाकिटं लीटरमागे महाग पडतात, तरी पहिल्या महिन्यात तीच घ्या. खप कळला की मोठ्याकडे वळा. खाण्यापिण्याच्या धंद्यात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात बसवतात. या खर्चात ओतून दिलेलं क्रीमही धरायचं असतं, हे नवखे विसरतात. दहा रुपयांच्या चहाच्या गावात मोठ्या ग्लासाची मोठी किंमत लावण्यापेक्षा दीडशे मिलीचा छोटा ग्लास काढा. चव बघायला येणारा तेवढाच घेतो, आवडलं तर मित्राला घेऊन परत येतो. आणि खरं सांगायचं तर यापेक्षा मोठा ग्लास एका माणसाला संपतही नाही.

सुरुवात मे महिन्यात करू नका, जरी तेव्हा थंड पेयं सर्वांत जास्त खपत असली तरी. हात बसलेला नसताना उन्हाळा अंगावर घेतला की माल जातो आणि नावही. कोजागरीचा मुहूर्त बघा. त्या पौर्णिमेपासून खामगावात मोठ्या देवीचा उत्सव असतो, बाहेरगावची माणसं येतात, रात्री आटीव दुधाचे पेले हातोहात फिरत असतात आणि हवेतला उकाडाही ओसरायला लागलेला असतो. दुधाचं काहीतरी वेगळं चाखायला लोक त्या दिवसांत तयार असतात. तेव्हापासून होळीपर्यंत हात बसेल आणि खप किती ते कळेल. मग उन्हाळ्याचं ठरवा.

आता सर्वांत नाजूक बाब. फेटलेला थर पाच अंशांच्या खाली राहिला पाहिजे. बाहेर ठेवायचा तर सर्वसाधारणपणे दोन तासांची मर्यादा मानतात, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मार्चपासूनच दुपारी हा एक तासाचा नियम लागू होतो. म्हणून मोठं पातेलं भरून फेटून ठेवू नका. पाव लीटरच्या छोट्या झाकणाच्या डब्यांत भरा, एकच डबा बाहेर काढा, तोही थर्माकोलच्या पेटीत बर्फावर. एका डब्यात उरलेलं दुसऱ्यात मिसळू नका. वीज गेली तर फ्रीजचं दार उघडायचं नाही आणि वेळ लिहून ठेवायची. चार तासांच्या वर गेली की आतलं क्रीम, चीज, तयार थर सगळं टाकून द्यायचं. जीव तुटतो, पण पर्याय नाही. क्रीमच्या पदार्थांत स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू फार लवकर वाढतात. ते बहुधा हातावरच्या फोडातून, चिरलेल्या बोटातून किंवा शिंकेतून येतात. त्यांनी तयार केलेलं विष नंतर गरम करूनही जात नाही, आणि वासावरून कळतही नाही. ‘वास तर येत नाहीये’ ही कसोटी इथे कामाची नाही. बोटाला जखम असलेल्या पोराला त्या दिवशी गल्ल्यावर बसवा. बीटरच्या पात्यांच्या सांध्यात क्रीम अडकतं. नुसतं पाण्याखाली धरून भागत नाही, पाती काढून, घासून, उकळत्या पाण्यातून काढा.

बर्फाकडे कुणी लक्ष देत नाही, तेही द्या. लादीचा बर्फ मासे, भाजी, शीतपेटी यांच्यासाठी बनतो आणि त्याचं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही. खाण्याचा आणि न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आला. निळसर लादी दिसली तर ती ग्लासात जाता कामा नये. गाळलेल्या पाण्याचा बर्फ स्वतःच्या फ्रीजरमध्ये केला तर उत्तमच.

गाडी कितीही छोटी असो, अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते. अडलं तर बुलढाण्याला अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय आहे. नोंदणीचा क्रमांक दर्शनी भागात लावा.

कोणी जपून प्यावं

वर सांगितलेल्या मापाने एका ग्लासाच्या थरात शंभराच्या आसपास कॅलरी येतात आणि चहातल्या साखरेच्या वीस-पंचवीस वेगळ्या. टपरीवरच्या एका कटाच्या साधारण दुप्पट-अडीचपट धरा. म्हणजे तरतरी यावी म्हणून दिवसातून तीनदा घेण्याची ही गोष्ट नाही. कुल्फी जितक्यांदा खाता तितक्यांदा प्या. रक्तदाब असलेल्यांनी प्रोसेस्ड चीजमधलं मीठ लक्षात ठेवावं. मधुमेह असेल तर चहा बिनसाखरेचा घ्या. थर थोडा बुडेल, बुडू दे. दुधाने पोट फुगणाऱ्यांना चक्क्याचा थर त्यातल्या त्यात सोसतो, कारण चक्क्यातलं दुग्धशर्करेचं प्रमाण कमी झालेलं असतं. जेवणाबरोबर मात्र कुणीच पिऊ नये. चहातल्या टॅनिनांमुळे अन्नातलं लोह कमी अंगी लागतं, आणि वाढत्या मुलींच्या बाबतीत ही किरकोळ गोष्ट नाही. तासाभराचं अंतर ठेवा. शेगावची कचोरी खाऊन त्यावर हा थंड चहा चांगला लागतो असं काही तरुण मित्र सांगतात. तळलेल्यावर क्रीम, माझ्या पोटाला तरी हे जमणार नाही.

घरी केलेला थर उरला तर झाकून फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवता येतो. तो थोडा बसतो, त्याला पुन्हा फेटायच्या भानगडीत पडू नका. साखर कमी घातली असेल तर त्यात मिरपूड आणि बारीक चिरलेली सिमला मिरची मिसळून सँडविचला लावा, गोड झाला असेल तर पिकलेल्या केळ्याच्या चकत्यांवर घालून पोरांना द्या. तिसऱ्या दिवशी मात्र तो कशालाच लावू नका.